एक जास्त

हवालदाराने तिसऱ्यांदा मोजायला घेतलं. कैदी जोडीजोडीने उकिडवे बसले होते आणि तो एकेका जोडीपुढे काठी टेकत सरकत होता. शेवटी ये रे माझ्या मागल्या! एक माणूस जास्तच.

"पळालेले पुष्कळ पाहिले," तो वैतागून म्हणाला, "घुसलेला पहिल्यांदाच बघतोय. कोण आहे रे?"

कुणी ताकास तूर लागू देईना. मोजणी जुळल्याशिवाय भेटी सुरू होत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रांगेतल्या शिंप्याची आई सकाळपासून फाटकाबाहेर बसून होती. दुपारची गाडी पकडायची तर तिला लेकाला न भेटताच परतावं लागलं असतं.

आणि तरी शिंप्यानेच शेजारच्या मिस्त्रीचा हात दाबून धरला होता. म्हाताऱ्या मिस्त्रीची शिक्षा आज संपली होती. कचेरीने त्याचा अंगठा घेतला, फळ्यावरचा आकडा एकने कमी केला आणि कपडे आणायला त्याला बराकीत धाडलं. तो आला आणि गुपचूप रांगेत बसला. हवालदार नुकताच पाळीवर आलेला, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"बसा हो काका," शिंपी पुटपुटला. "आई येईल पुन्हा कधीतरी."

"गुडघे धड आहेत का तिचे?"

मिस्त्रीला स्वतःचीच लाज वाटली. त्याने हात सोडवून घेतला आणि भिंतीला धरून उठला.

त्याच्यामागचं गाठोडं पाहून हवालदाराला सगळं उमगलं. ओरडायचं त्राणही त्याच्यात उरलं नव्हतं.

"काय हे काका! सुटलात ना तुम्ही?"

"हो ना," मिस्त्री म्हणाला. "तेच तर."

मिस्त्री बाहेर पडला तेव्हा फाटकाबाहेरच्या बाकावर एक बाई पिशवी पोटाशी धरून बसली होती.

"जुळली का हो मोजणी?"

"जुळली. घेतील आता आत."

"कोण जास्त झालं होतं म्हणे?"

"होता एक म्हातारा. सुटला."

"बरं झालं बाई. कुणी आलंय ना न्यायला?"

मिस्त्रीने गाठोडं या हातातून त्या हातात घेतलं.

"तुम्ही जा आधी," तो म्हणाला. "पोरगा वाट बघतोय."

ती लगबगीने आत गेली. तिच्या रिकाम्या झालेल्या जागेवर मिस्त्री बसला.