वार्तिनीच्या हातची झाडं

वार्तिनीचा हात गरम आहे, तो लागला की झाड जळतं, हे तिच्या सासूनं लग्नानंतर महिन्याभरातच जाहीर केलं होतं. नव्या सुनेनं लावलेलं मिरचीचं रोप वाळलं, एवढंच कारण. शेजारच्या पाइनेमबाईंनी त्याला मान डोलावली आणि इंडोनेशियातल्या मलांग शहराच्या त्या गल्लीत विषय संपला. पुढची सव्वीस वर्षं, सासू जाईपर्यंत, वार्तिनीला कुणी अंगणातल्या रोपाला बोट लावू दिलं नाही. यंदा तिनं पहिल्यांदाच दारात काळ्या पिशव्यांमध्ये टोमॅटो लावले होते. बारा झाडं. रोज सकाळी चहाआधी ती एकेकाची पानं उलटून बघायची आणि मनातल्या मनात सुखावायची.

नेमकी तेव्हाच गल्लीतल्या बाकीच्या घरांची टोमॅटोची झाडं मरायला लागली. हिरवीगार झाडं दुपारी माना टाकायची, सकाळी जरा सावरायची आणि तिसऱ्या दिवशी आडवी. पानावर डाग नाही, अळी नाही, पिवळेपणाही नाही.

रविवारी गल्लीसफाई आटोपल्यावर गल्लीप्रमुखाची बायको बू लिलिक, म्हणजे लिलिकबाई, सात-आठ बायका घेऊन दारात आली.

"बू वार्तिनी, राग मानू नका, पण या पिशव्या हलवा. शनिवारी गल्लीतल्या बागा बघायला वरच्या कचेरीतून माणसं येतायत. सगळ्यांची झाडं मेली, तुमचीच तेवढी तरारलीत."

"मग माझी जगली हा माझा गुन्हा झाला का?"

"गरम हात शेजारच्यांचं ओढून घेतो म्हणे," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"जिचं म्हणणं आहे तिनं पुढं येऊन म्हणावं."

पुढं कुणीच आलं नाही. लपून बोलणाऱ्यांचं तोंड उजेडात कधी उघडत नाही. वार्तिनी आत गेली आणि सुरी, दोरा अन् काचेचे दोन पेले घेऊन आली. बियाणे केंद्राच्या प्रयोगशाळेत तिनं अठरा वर्षं बाटल्या धुतल्या होत्या, आणि बाटल्या धुणाऱ्या बाईलाही डोळे असतात, हे तिथल्या साहेबांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"तुमचं एक झाड आणा बू लिलिक. माना टाकलेलं, पण हिरवं."

झाड आलं. तिनं बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापला आणि त्याचं टोक जेमतेम बुडेल असा तो दोऱ्यानं पेल्यात टांगला. पाणी स्वच्छ होतं. चार-पाच मिनिटांनी कापलेल्या टोकातून पांढरी तार खाली उतरायला लागली, नारळाचं दूध पाण्यात सोडावं तशी.

"हा रोग. मुळातून शिरतो, नाहीतर जखमेतून. झाडाच्या नसा तुंबतात, पाणी वर चढत नाही, म्हणून ते हिरवं असतानाच मरतं. आता माझं बघा."

तिनं स्वतःचं फळांनी लगडलेलं एक झाड कापलं. त्याचाही तुकडा तसाच टांगला. दुसऱ्या पेल्यातलं पाणी मात्र नितळच राहिलं.

"ही जखम कुठून आली? पानांच्या बगलेतली कोवळी फूट कुणी खुडली तुमच्याकडची?"

सगळ्यांच्या माना पाइनेमबाईंकडे वळल्या. एम्बाह पाइनेम, गल्लीची आजी, गार हाताची. हंगामातली पहिली फूट घरोघरी तिच्याच कात्रीनं खुडायची, मग तिला चहा आणि तळलेली केळी द्यायची, असा रिवाजच होता. गरम हाताच्या वार्तिनीकडे तेवढी ती कधी गेली नव्हती.

"म्हणजे गरम हात एम्बाहचाच की," एकजण म्हणाली. दुसरी हसली. म्हातारीच्या शेजारच्या बायका दोन पावलं बाजूला सरकल्या. तिनं कात्री लुंगीच्या घडीत लपवली.

वार्तिनीनं या क्षणाची सव्वीस वर्षं वाट पाहिली होती. तो आला आणि तिला त्याची किळस आली.

"माझा पिच्छा सुटला म्हणून आता हिच्या मागे लागताय?" ती म्हणाली. "हात गरम नसतो, गारही नसतो. कात्री घाण होती. एका झाडाचा रोग त्या कात्रीनं दुसऱ्याला नेला. मेलेली झाडं मुळासकट उपटा आणि जाळा, त्या मातीत पुन्हा टोमॅटो लावू नका. आणि माझ्या पिशव्या इथंच राहतील. शनिवारीही आणि नंतरही."

वार्तिनीनं म्हातारीकडून कात्री मागून घेतली, चुलीवरच्या पातेल्यात चांगली उकळली आणि पातेल्यासकट बाहेर आणली.

"या एम्बाह. माझ्या अकरा झाडांची फूट खुडायची राहिलीय."

"मी? तुझ्या झाडांची?"

"तुम्हीच."

"अहो, कशाला जोखीम घेता?" बू लिलिक हळूच म्हणाली.

"झाडं माझी आहेत. जोखीमही माझी."

म्हातारी गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली. तिनं पहिली फूट खुडली. वार्तिनीनं कात्री घेतली, गरम पाण्यात नीट बुडवून काढली आणि दुसऱ्या झाडासाठी परत तिच्याच हातात दिली.