पायाळूची परीक्षा

मी पायाळू. आईच्या पोटातून डोक्याआधी माझे पाय बाहेर आले आणि वालूरच्या निम्म्या गावाच्या पाठी माझ्या नावावर झाल्या. कुणाची कंबर धरली, की आलाच दारात पालथा पडायला. मी लाथ मारायची, तो "लय बरं वाटलं" म्हणत उठायचा. ज्याला बरं वाटायचं नाही तो परत यायचा नाही. एवढाच माझ्या पायाचा गुण.

मला खरं शिकायचं होतं. म्हणून परभणीत आबासाहेबांच्या मणका-उपचार वर्गात नाव घातलं. आबासाहेब सर रोज मोबाइलवर व्हिडिओ दाखवायचे. कडकन मान मोडली की पोरं टाळ्या वाजवायची. नस कुठून जाते, कुणाला हात लावायचा नाही, असं विचारलं की सर हसायचे. "दीपिका, तू तर जन्मतःच पास हायस!" अस्सा राग यायचा. जन्माला येण्यात माझं काय कर्तृत्व?

परीक्षेला सरांनी सगुणाबाईंना आणलं. कापूस वेचता वेचता त्यांची कंबर गेलेली. त्या पालथ्या झोपल्यावर मी विचारलं, "मावशी, पायाला मुंग्या येत्यात का?"

"मुंग्या कशाच्या बाई? चप्पल गळून पडली तरी कळंना झालंय." मग हळूच म्हणाल्या, "कालपासून लघवीचंबी कळंना."

मी पाय मागं घेतला. आमचा बा मेंढरं राखतो. मेंढराचा मागचा भाग लुळा पडला, तर तो त्याला ओढून उठवत नाही.

"मार लाथ," सर म्हणाले.

"न्हाई मारणार."

"मग नापास."

"करा नापास! शिकवलं काय तुमी, म्हणून परीक्षा घ्यायलाव?"

सगुणाबाईंना ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या फिजिओथेरपीच्या मनीषा मॅडमनी पाय तपासले आणि धावत डॉक्टरांना बोलावलं. मणक्यात नस दबलेली. लगेच ऑपरेशन ठरलं. मॅडम म्हणाल्या, "लाथ बसली असती, तर ही बाई कायमची आडवी झाली असती." मी आधी रडले, मग पुन्हा संतापले.

आणि मॅडमच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनाच घेऊन वर्गात शिरले.

"तुझं नाव काढलंय," सर दारातच म्हणाले.

"राहू द्या काढलेलं." मी जाऊन बाकावर बसले. "शिकल्याबिगर मी उठणार न्हाई."

पोरंही जागची हलली नाहीत. मॅडमनी फळ्यावर पाठीचा कणा काढला, त्यातून निघणाऱ्या एका नसेवर खडू टेकवला आणि विचारलं, "ही पायात कुठवर जाते?"

सगळ्यांनी सरांकडं पाहिलं. सर जमिनीकडं बघत होते.

मी बाकावर सरकले. "या सर, बसा. जागा हाय."