गळ्यातली सवत

आमचे हे सोलापूरच्या हायस्कुलात शिकवत, पण जीव सगळा मानववंशशास्त्रात अडकलेला. गावोगाव हिंडून माणसं किती जन्मतात, कुठल्या वयात मरतात, त्यांच्या चालीरीतींचा त्याच्याशी काय संबंध, हे विचारत फिरायचं, याला ते सुट्टी म्हणत. तेहतीस सालच्या दिवाळीनंतर मलाही करकंबाला नेलं. म्हणाले, बायकांशी बोलायला बाईमाणूस हवं. प्रत्यक्षात सगळे प्रश्न हेच विचारत आणि मी भाकऱ्या थापत बसे. माझा नुसता संताप होई.

काम मात्र महत्त्वाचं होतं. जिल्ह्याचं लोकल बोर्ड या भागात एकच शिकलेली नर्स नेमणार होतं. ती करकंबाला की टेंभुर्णीला, हे ह्यांच्या आकड्यांवर ठरायचं होतं. आणि करकंबाच्या दप्तरात तरण्या बायकांच्या मरणापुढे एकच शब्द लिहिलेला: ताप. तापासाठी बोर्ड क्विनाइन धाडत असे, नर्स कशाला धाडेल? आमच्या शेजारच्या सारजाबाईला सातवा महिना होता. नर्स येणार का, हे ती मला रोज विचारायची.

एका सकाळी हे धावतच घरात आले. टोपी हातात, चेहरा लाल. मोठा शोध लागला म्हणाले. घरोघरी बायकांना ‘सवत आहे का’ असं विचारलं, तर कितीतरी जणींनी मान हलवून ‘हाय की’ म्हटलं. इतक्या पुरुषांना दोन-दोन बायका असलेलं गाव आजवर कुणी नोंदवलेलंच नाही म्हणे. पुण्याच्या प्रोफेसरांना आत्ताच्या आत्ता तार करायची, म्हणून टेंभुर्णीची मोटार गाठायला निघालेसुद्धा. मी नर्सचं विचारलं, तर ते नंतर बघू म्हणाले. माझं डोकंच फिरलं.

तव्यावरची भाकरी उतरवता उतरवता मनात आलं, एका घरात दोन सवती म्हणजे सकाळ-संध्याकाळ भांडण. मग इतक्या दिवसांत मला एकही भांडण ऐकू कसं आलं नाही? सारजाबाईचं नावही ह्यांच्या यादीत होतं. तिच्या घरात तर दुसरी बाई मी कधी पाहिलीच नव्हती. मी तशीच उठले आणि तिला जाऊन सरळ विचारलं, तुझी सवत राहते कुठं?

“हितंच की,” असं म्हणून तिनं पोतीबरोबर गळ्यात ओवलेला चांदीचा लहानसा टाक चोळीतून वर काढला. त्यावर उमटवलेली बाईची आकृती घासून गुळगुळीत झाली होती. “ही माजी सवत, मालकांची पयली बायकू. गोजर तिचं नाव. नवं लुगडं आदी हिला दावायचं, मग आपुन नेसायचं.”

मी विचारलं, ती गेली कशानं?

“बाळंतपणात. लेकरू आडवं आलं, मग चार दिस ताप चढला.” तिनं टाक मुठीत धरला. “माजं बी तसंच झालं तर तिसरीच्या गळ्यात आमी दोगी.”

तेव्हा एकदम लख्ख कळलं. ह्यांनी मोजलेल्या सवती जिवंत नव्हत्याच, आणि दप्तरातला ‘ताप’ बाळंतपणातला होता. मी पदर खोचला आणि भर बाजारातून पळत सुटले. लोक बघत होते, बघेनात का. मोटार सुरू झाली होती. मी ड्रायव्हरसमोरच जाऊन उभी राहिले. हे खाली उतरले ते रागानंच. मी धापा टाकत सगळं सांगितलं. तारेचा कागद त्यांनी खिशात कोंबला आणि सगळ्या बाजारादेखत माझा हात धरून म्हणाले, “चल. आता तू विचार.”

मग काय, पुन्हा घरोघरी गेलो. हे अंगणात थांबायचे, मी आत जायची. नुसतं ‘तुझी सवत दाखव’ म्हणायचा अवकाश, टाक बाहेर यायचा आणि त्यामागोमाग सगळी हकीकत. जिला रोज हळदकुंकू वाहायचं, ती कशी गेली हे दुसरीला नेमकं ठाऊक असे. एखादी तापानं किंवा विहिरीत गेलेली निघे. बाकी बहुतेक जणी बाळंतपणात, नाहीतर त्यामागून आलेल्या तापात गेल्या होत्या. दर घरागणिक माझा आवाज चढत होता, इतकी मी पेटले होते. मेलेल्या बायकांची मोजदाद करताना असा हुरूप यावा याची लाजही वाटत होती, पण हुरूप काही ओसरेना.

बोर्डाच्या सभेत मात्र आमचे हेच बोलले. दोन बायकांवाल्या गावाचा आपला शोधही त्यांनी आधी सांगून टाकला, तेव्हा सभासद पोट धरून हसले म्हणे. मग सवतीचा अर्थ सांगितला आणि हसू थांबलं. नर्स करकंबाला मिळाली.

संक्रांतीनंतर मी सारजाबाईला भेटायला गेले. गोजरसारखंच तिचंही मूल आडवं आलं होतं. नर्सनं ते फिरवलं आणि दोघी सुखरूप सुटल्या. सारजाबाई नवं लुगडं नेसायच्या तयारीत होती. तिनं ते आधी टाकाला लावलं, मग टाक लेकीच्या कपाळाला टेकवला.

“ही तुजी थोरली आय,” ती लेकीला म्हणाली. “हिनंच नर्स आणली.”

ह्यांचं नाव कुणी घेतलं नाही, माझंही नाही. मला रडू आवरेना.