बेवडा नावाचं जनुक

मावशी तीस वर्षं फळमाश्यांच्या मागे होती. घरी तिला सगळे माशीमावशी म्हणत आणि तिला त्याचं कौतुकच होतं. माश्यांवर संशोधन करणाऱ्या या माशीवाल्यांचा एक रिवाज आहे. जनुक बिघडलं की माशीचं जे काही होतं, त्यावरूनच जनुकाला नाव द्यायचं. जमलं तर हसू येईल असं. मावशीला सापडलेलं जनुक बिघडलं, की कोषात माशी घडत असतानाच तिच्या पायांच्या नसांची जोडणी चुकायची. मग ती बाटलीत झोकांड्या खात फिरायची. मावशीने अर्ध्या मिनिटात नाव ठेवलं, 'बेवडा'. अख्ख्या प्रयोगशाळेची हसून मुरकुंडी वळली. पोरांनी तिला झिंगलेल्या माशीचं चित्र आणि खाली ते नाव छापलेला कॉफीचा मग भेट दिला.

पुढे माणसातही या जनुकाचं भावंड सापडलं आणि नाव आयतंच त्यालाही आणि ते बिघडल्याने मुलांना होणाऱ्या आजारालाही चिकटलं. नऊ वर्षांपूर्वी लहान मुलांच्या एका डॉक्टरचं पत्र आलं. आईबापांना हे नाव सांगताना जीभ अडखळते, बदलता येईल का? मावशीने नुसतं हो म्हटलं असतं तरी बदललं असतं. तिने उत्तर धाडलं, "माश्यांची अजून तक्रार नाही." वर ते पत्र सगळ्यांनी वाचावं म्हणून फलकावर लावलं. शिकलेल्या बाईला एवढीही अक्कल असू नये.

आज तिची भाची आपल्या तीन वर्षांच्या लेकीला, ठमीला घेऊन तिच्या टेबलासमोर बसली होती. ठमी भिंत धरून धरून खोली बघत होती.

"तुझ्या माश्यांनाही होतं ना गं हे?" भाचीने तपासणीचा अहवाल पुढे सरकवला. जनुकाचं नाव तिने अंगठ्याखाली झाकलं होतं.

"होतं."

"बालवाडीच्या अर्जात आजाराचं नाव विचारलंय. मी रकाना कोराच ठेवलाय. सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात कुणी थेंबाला शिवलेलं नाही." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "कुठल्या मेल्याने ठेवलं असेल हे नाव?"

मावशीची कानशिलं तापली. "जुनं नाव आहे," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच तिला स्वतःची जास्त लाज वाटली.

तेवढ्यात ठमीने कपाटाच्या खालच्या फळीवरून तो कॉफीचा मग काढला. दोन्ही हातांत धरून, जीभ बाहेर काढून, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे कलंडत ती आईपाशी आली. तिने तो पाडला नाही. "माशी," ती म्हणाली.

भाचीने चित्र पाहिलं. मग अक्षरं वाचली. मग तो उलटा करून बुडाशी लिहिलेलं वाचलं: 'नाव ठेवणाऱ्या आमच्या बाईंना'.

"हसला होतात सगळे?"

"हो."

"तू पण?"

"सगळ्यांत जास्त मीच." मग मावशीने त्या पत्राचंही सांगितलं, फलकासकट. सांगताना तिला मान वर करवेना.

भाचीने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मावशीला बरं वाटलं असतं. भाचीने पिशवीतून अर्ज काढला आणि त्यावर पेन ठेवलं.

"माझ्याच्याने लिहवत नाही. तू लिही."

मावशीने पेन उचललं. रकाना बोटभर होता. तिचा हात तिथेच थांबला. ठमी तिच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि कागदात डोकावली.

"माझं नाव लिहितेस?" तिने विचारलं.