टाचणीवाले आणि बिनटाचणीचे

बालवाडीच्या मोठ्या बाईंनी सरळ सांगितलं होतं. शुक्रवारी चोवीस खाऊच्या पिशव्या आणा, काम पसंत पडलं तर सोमवारपासून अर्धा दिवस शिवणाला या, मुलगी पलीकडच्या खोलीत आमच्या पोरांत बसेल. दीड वर्षाच्या ठमीला सोडून कुठे जायचं नाही आणि घरातही बसून राहायचं नाही, असं दोन्हीकडून अडकलेल्या ठमीच्या आईला हे ऐकून रात्रभर नीट झोप लागली नव्हती.

पिशवीत अवघड असं काही नव्हतं. बाहेरून जुन्या चादरीचं फुलाफुलांचं कापड, आतून नवं पांढरं सुती अस्तर, वर झाकण आणि वेलक्रो. पोरांनी बिस्किटं खायची, फळाच्या फोडी खायच्या, पिशवी उलटी करून धुवायची, की उद्या परत तीच. अट एकच. नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून अस्तर शिवण्याआधी पाण्यातून काढायचं. नाहीतर चादर जागच्या जागी राहते, अस्तर आत ओढून घेतं आणि पिशवीचं तोंड चंबूसारखं होऊन बसतं.

घरात मशीन एक आणि शिवणाऱ्या दोघी. पहाटे सासूबाई बसायच्या, दुपारी ठमी झोपली की ही. दोघींची गाठ पडायची ती स्वयंपाकघरात, आणि तिथे बोलणं व्हायचं ते ठमीने काय खाल्लं आणि काय थुंकलं याचंच.

गुरुवारी दुपारी चोविसाव्या पिशवीची टीप मारून तिने दोरा तोडला. सासूबाई दारात उभ्या राहून पिशव्यांची चळत कौतुकाने पाहत होत्या.

"आई, बरं झालं तुम्ही ते अस्तराचे आठ तुकडे धुतलेत," ती म्हणाली. "कापड कमी पडलं म्हणून मागाहून आणलेले. माझ्याच्याने झालंच नसतं."

"आठ कुठले? सोळा होते. टाचणीवाले."

"टाचणीवाले तर मी आधीच धुतले होते."

"मग टाचणी कशाला लावलीस?"

"धुऊन झाले म्हणून."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. "अगं, काम राहिलंय त्याला टाचणी लावतात. आमच्याकडे आयुष्यभर असंच. गुंडी लावायची राहिली, लाव टाचणी. झालं काम, काढ टाचणी."

"मी झालेल्याला लावते. म्हणजे परत हात लावायला नको."

"हे कुठलं शास्त्र?"

झालं होतं ते असं. सासूबाईंनी टाचणीवाले सोळा पुन्हा धुतले, इस्त्री केली, टाचण्या डबीत टाकल्या आणि सगळे चोवीसच्या चोवीस एका चळतीत रचून सांगितलं, सगळे झाले, शिव आता. तिने शिवले. म्हणजे सोळा दोनदा धुतले गेले आणि आठ एकदाही नाही. की तिनेच त्या दिवशी उलट केलं होतं, आठ धुऊन न धुतलेल्या सोळांना टाचण्या लावल्या होत्या? ठमीला दात येत होते, ती कडेवर होती, एका हातात टाचण्या. धुतलेल्यांना लावल्या. नक्की? मघाशी नक्की वाटत होतं. आता विचार करू गेलं की दोन्ही चित्रं सारखीच खरी दिसत होती.

"उलट केलं असशील तर सगळेच धुतलेले आहेत," सासूबाई म्हणाल्या. "देऊन टाक. काय व्हायचं ते होईल."

"आणि सोमवारी बाईंनी धुतल्यावर चंबू झाले तर?"

"वास घेऊन बघ. नव्या कापडाला खळीचा वास येतो."

दोघी एकेक पिशवी नाकाला लावत बसल्या. सासूबाईंना सहा पिशव्यांत वास आला, तिला नऊंत, आणि त्यात दोघींच्या फक्त दोन जुळल्या. तेवढ्यात ठमी उठली, दुडदुडत आली आणि तिनेही एक पिशवी नाकाला लावून गंभीरपणे हुंगली.

"घे, तिसरी तपासनीस आली," सासूबाई म्हणाल्या.

तिला हसू आलं नाही. ती उठली, बादलीत कढत पाणी ओतलं आणि कोऱ्या करकरीत इस्त्रीच्या चोवीसही पिशव्या त्यात बुडवल्या. सासूबाई 'अगं, अगं' म्हणेपर्यंत हात कोपरापर्यंत ओले झाले होते.

शुक्रवारी सकाळी दोरीवरून काढल्या तेव्हा सात पिशव्यांनी तोंडाचा चंबू केला होता. सात. आठ नाही. दोघींनी मोजलं, पुन्हा मोजलं, बादलीत पाहिलं, ठमीच्या खेळण्यांत पाहिलं. पिशव्या चोवीसच होत्या. आठवं अस्तर का आटलं नाही, की आठवं नव्हतंच, हे काही केल्या कळेना.

बालवाडीत तिने सतरा पिशव्या मेजावर मांडल्या.

"चोवीस ठरल्या होत्या ना?" मोठ्या बाई म्हणाल्या.

तिने सगळं सांगितलं. टाचण्यांचं सांगताना ती स्वतःच मध्ये दोनदा चुकली आणि बाईंनी दोनदा परत विचारलं.

"मग या सतरा पक्क्या?"

"सोळा पक्क्या. एकीचं अस्तर अजून आटेल का, मला माहीत नाही."

"कुठली?"

"तेच माहीत नाही."

बाईंनी एक पिशवी उलटी करून अस्तराची शिवण नखाने ओढून पाहिली, सरळ केली, झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. "राहिलेल्या सात कधी?"

"मंगळवारपर्यंत."

"बरं. मुलीचे कपड्यांचे दोन जोड आणा. ओळखीची खूण घालून. इथे सगळ्यांचे कपडे एकात एक जातात."

बाहेर रस्त्यावर आल्यावर ती थबकली. कपडे मागितले म्हणजे ठेवून घेतलं का? की सगळ्यांनाच असं सांगतात? आणि सात मंगळवारी, मग सोमवारचं काय? परत जाऊन विचारावं, तर बाई म्हणतील हिला एवढंही कळत नाही. ती दहा पावलं पुढे गेली, वळली आणि दारातूनच विचारलं, "कपडे कधी आणू?"

"सोमवारी," आतून बाई म्हणाल्या. "तुम्ही याल तेव्हा."