खालची घंटा

सम्यकनं सुकाणूचं चाक टेबलाला घट्ट आवळलं, वडिलांची खुर्ची संगणकापुढे सरकवली आणि मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून चित्रीकरण सुरू केलं.

“बाबा, धरा चाक. रेवसहून निघायचंय, भाऊच्या धक्क्याला.”

भिकूनं हात पंच्याला पुसले, पण चाक धरलं नाही.

अलिबागच्या कचेरीतली नोकरी सांभाळून सम्यक सहा वर्षं संगणकावर हा लाँचचा खेळ रचत होता. कुणी खेळ म्हटलं की तो चिडायचा. खरी लाँच चालते तशीच ती चालली पाहिजे, हा त्याचा हट्ट. दोन वर्षं नुसत्या लाटा हलवण्यात गेली. मग ओहोटीला रेवसच्या धक्क्यापाशी उघडा पडणारा गाळ काही केल्या जमेना. जमला, तर लाँच त्याच्यावरून रिक्षासारखी धावायला लागली. एक सांधावं तर तेरा तुटायची. “एवढ्यात खरी बांधून झाली असती,” असं त्याची बायको मैत्री येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. तिकडे इंटरनेटवर तीनशे माणसं वाट बघत होती. त्यांना त्यानं पहिल्याच दिवशी लिहिलं होतं, माझ्या वडिलांनी तीस वर्षं ही लाँच चालवली. आज वडिलांचा चाकावरचा व्हिडिओ टाकायचा आणि संध्याकाळी खेळ सगळ्यांना खुला करायचा, असं ठरलं होतं.

“धरा ना, बाबा.”

“ह्ये दत्तात्रेय सुकाण्याचं काम. मी कधी हात न्हाय लावला.”

“आज लावा.”

भिकूनं दुसऱ्याची वस्तू धरावी तसं ते बोटांनी धरलं. लाँच धक्का सोडून निघाली. उजव्या हाताला उरणचा डोंगर सरकू लागला. म्हातारा पुढे वाकला.

“वरून असं दिसतं व्हय?”

सम्यकनं मोबाइल जरा त्याच्या जवळ सरकवला.

“तीस वर्षं गेलो-आलो, पण खाली, इंजिनापाशी. वरून एक घंटा आली का पुढं घ्यायचं, दोन आल्या का थांबवायचं. मुंबई आली ती बी घंटेवरनंच कळायची.” त्यानं पडद्यावर खाली नजर फिरवली. “शिडी कुठं हाय रे, खाली जायची?”

“केली नाही अजून.”

“असू दे. खाली काय बघायचंय? काळोख नि तेल.”

सम्यकला हे ठाऊक नव्हतं थोडंच. आठवीत असताना बाबा डिझेलनं माखलेल्या कपड्यांतच फी भरायला शाळेत आले होते. तेव्हा पोरांना त्यानं ठोकून दिलं होतं, लाँचच्या चाकावर असतात ते. ती थाप पुढे इतकी अंगवळणी पडली, की गाळाचा थर न् थर मोजणाऱ्या या माणसाला लाँचच्या फळ्यांखाली एक खोली असते हे सहा वर्षांत एकदाही सुचलं नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं मोबाइल उचलून चित्रीकरण थांबवलं आणि उभ्याउभ्याच तीनशे जणांना लिहिलं, “आज खेळ येणार नाही. माझे वडील चाकावर नव्हते, इंजिनावर होते. ती खोली बांधायची राहिली आहे. वेळ लागेल.”

पाठवलं, आणि संगणक बंद करायला त्यानं हात पुढे केला.

भिकूनं आता चाक दोन्ही हातांनी धरलं होतं. पडद्यावरून नजर न काढता तो म्हणाला,

“थांब जरा. मुंबई येऊ दे.”