एकादशीची गोळी

जवळ सरकून बसा, माझ्या जावेची, प्रतिभाची, गोष्ट सांगते. दोन हजार दोन साल. चरबी उतरवणाऱ्या वनस्पतीच्या गोळ्यांनी महिन्यात तिचं वजन चार किलो उतरलं, हे मी नाकारत नाही. पण एकादशीला रिकाम्या पोटी तिने दोन गोळ्या घेतल्या, वर तीन कप चहा!

"अगं, उपास आहे ना तुझा?" मी ओरडले.

"अक्का, झाडपाल्याचीच तर आहे. उपासाला चालते!"

संध्याकाळी नाशिक रोडच्या देवळात कीर्तन रंगलं आणि ही घामाघूम झाली, हात थरथरू लागले. "अक्का, छाती कशी धडधडतेय! देवच भेटला बघा." बायका तिच्या पाया पडू लागल्या. मीही हात जोडले, काय बोलू आता!

पखवाज वाजवणारे मोतीरामबुवा मात्र उठले आणि त्यांनी तिचं मनगट धरलं. "कसली भक्ती! ठोके चुकताहेत हिचे. रिक्षा आणा!"

भर कीर्तनात पखवाज थांबला म्हणून लोक त्यांच्यावरच खेकसले.

"त्या गोळीनेच हृदय पळत होतं, चहाने आणखी. उशीर झाला असता तर कठीण होतं," दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टर म्हणाले.

प्रतिभा वाचली. सगळे म्हणतात, देवाने वाचवलं. खरंच आहे. पण देवापुढे हात जोडाल तेव्हा मोतीरामबुवांचीही आठवण ठेवा.